अख्खी शिट्टी

१

बाबांचा पुढचा दात तुटला तो प्रवासाच्या आधी, आणि प्रवासापायीच. माळ्यावरून मोठी बॅग काढताना ती आधी हातातून निसटली, मग तोंडावर आली आणि मग खाली पडली. बॅगेला काही झालं नाही. दाताचा निम्मा तुकडा मात्र फरशीवर सापडला, आणि आत्याने तो कागदात गुंडाळून ठेवला. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी तात्पुरती टोपी बसवून दिली होती, ती विमानात पावाच्या पहिल्याच घासाबरोबर निघाली आणि बाबांनी गिळून टाकली. "परत आल्यावर या, पक्कं काम करून टाकू," असं डॉक्टर म्हणालेच होते. तेव्हा परदेशातले सगळे फोटो तोंड मिटून काढायचे, असं ठरलं.

खरं नुकसान निराळंच होतं. बाबांची शिट्टी गेली होती.

ही शिट्टी म्हणजे या घरचा कायदा होता. ओठ मागे ओढून, जीभ दातांना टेकवून बाबा ती वाजवत: दोन लांब, एक आखूड, आणि आखूड शिट्टीच्या शेवटी आवाज वर चढून एकदम तुटायचा. बाबांना ती त्यांच्या वडिलांकडून, म्हणजे अण्णांकडून आली होती. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा नियम घरात अजून चालू होता. शिट्टी ऐकली की हातातलं काम टाकायचं आणि आवाजाच्या दिशेने निघायचं. 'आलो' म्हणायचं नाही, 'कशाला' विचारायचं नाही. ढब्बू अगदी लहान असताना एका मोठ्या दुकानात हरवला होता, तेव्हा तो टांगलेल्या शर्टांच्या रांगांमधून शिट्टीच्या मागे मागे चालत एकटा बाबांपर्यंत आला होता. रडलासुद्धा नव्हता. आता तो आठ वर्षांचा होता आणि त्याचा देवावर नसेल एवढा विश्वास त्या शिट्टीवर होता.

त्याच्या बहिणीचा नव्हता. ढब्बू जन्मला तेव्हापासून घरात सगळेच तिला ताई म्हणत, आत्यासुद्धा. ताई पंधरा वर्षांची होती, आणि भर स्टेशनात शिट्टी ऐकून धावत जाण्याचं तिचं वय उलटून गेलं होतं. "शिट्टीने लोक कुत्र्याला बोलावतात," असं तिने बाबांना एकदा सुनावलंही होतं. दात तुटला तेव्हा तिला वाईट वाटलं, पण शिट्टी गेली म्हणून तिने मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

बाबांनी मात्र शिट्टी सोडली नाही. सफारीच्या दिवशी सकाळी कॅनव्हासच्या खोलीबाहेर गाडी येऊन उभी राहिली, तशी त्यांनी ओठ मागे ओढले आणि जोर लावला. फुस्स, फुस्स, फिस्. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला.

"बाळ्या, तोंडाचं पंक्चर काढून घे आधी," आत्या आतून म्हणाली. तरी सगळे निघाले. आई टोपी शोधत, आत्या स्कार्फ बांधत, ढब्बू एका पायात बूट घालून लंगडत. हवा गेलेली असली तरी शिट्टी ती शिट्टी.

२

गाडीला दारं नव्हती आणि बाजूही नव्हत्या. पायऱ्यांसारख्या चढत्या रांगा आणि डोक्यावर ताडपत्री, एवढाच काय तो संसार. पुढे ड्रायव्हर आणि बाबा, मधे आई आणि आत्या, मागे सगळ्यांत उंचावर ताई आणि ढब्बू. ड्रायव्हर हसतमुख माणूस होता. निघण्याआधी त्याने मागे वळून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी नियम सांगितला.

"गाडीत आहात तोवर जनावराला तुम्ही दिसत नाही. त्याला एक मोठं, घाण वास मारणारं जनावर दिसतं. खाली उतरलात की तुम्ही वेगळे. एकेकटे."

"घाण वास कुणाला म्हणतोय हा?" आत्या म्हणाली, आणि आईने तिच्या स्कार्फला लावलेल्या अत्तराकडे मुद्दाम पाहिलं.

कंटाळायचं, हे ताईने घरूनच ठरवून आणलं होतं. फोनला रेंज नव्हती, ऊन तोंडावर येत होतं आणि ढब्बूला दर मिनिटाला कुठेतरी सिंह दिसल्याचा भास होत होता. पण मग वळणावर हत्तीण आली. रस्ता आपल्या आजोबांचा असल्यासारखी ती सावकाश गाडीला वळसा घालून गेली. तिच्या गुडघ्यावरची सुरकुतलेली कातडी ताईच्या हातापासून इतकी जवळ होती, की तिच्यावरचा वाळलेला चिखल, त्यात अडकलेली काडी, सगळं दिसलं. हत्तीण दिसेनाशी झाली तरी तिने फोनवर एकही फोटो काढलेला नव्हता, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही.

त्यानंतर उंच गवताचा भाग लागला. उजव्या बाजूला पिवळं, माणूसभर वाढलेलं गवत, आणि डावीकडे मोकळं मैदान, त्यात हरणांचा कळप. एक पाडस कळपापासून सुटून रस्त्याच्या उजव्या कडेला, गवताच्या अगदी तोंडाशी उभं होतं. ड्रायव्हरने गाडी थांबवली. गवतातून एक बारीक, कापरी हाक आली. पाडसाचे कान वळले. पुन्हा हाक आली, आणि ते टुणकन उडी मारून गवतात शिरलं.

"आई बोलावते त्याची," ड्रायव्हर म्हणाला.

"किती गोड," आई म्हणाली.

गाडी तिथेच उभी होती, आत्याला फोटो नीट आला नव्हता म्हणून. तेवढ्यात डावीकडच्या कळपातून एक हरणी रस्त्यावर आली. ती गवताकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने हाक मारली. तीच, बारीक, कापरी. मग थांबली, कान ताठ करून ऐकत राहिली आणि परत हाक मारली. गवत हललं नाही.

"ही त्याची आई असेल," ढब्बू म्हणाला, "तर मग ती कोण होती?"

"मावशी असेल," आत्या म्हणाली.

ड्रायव्हर हसला नाही. त्याने हरणीकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, आणि आत्याचा फोटो व्हायच्या आतच गाडी सुरू केली.

३

थोडं पुढे गेल्यावर ढब्बू ताईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. ताई गवत बघत होती. गवतात बघण्यासारखं काही नव्हतं, पण हरणी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तेव्हा शिट्टी वाजली.

दोन लांब, एक आखूड, शेवटी वर चढून तुटलेली. लांबून, उजवीकडून. ताईने नकळत ढब्बूचं डोकं मांडीवरून उचललं आणि ती अर्धवट उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, पाय आधी उठतात आणि डोकं मागून येतं. मग डोकं आलं, आणि तिने पुढच्या सीटकडे पाहिलं. बाबा केळं खात होते. तुटक्या दाताने त्यांना दुसरं काही धड चावता येत नव्हतं, त्यामुळे आठवडाभर ते केळ्यांवरच होते. तोंडात केळं असताना जगात कुणालाही शिट्टी वाजवता येत नाही.

आत्यानेही मान वळवली होती. "बाळ्या, वाजली की रे तुझी!"

"माझी कुठली वाजतेय आता," बाबा भरल्या तोंडाने म्हणाले. "पक्षी असेल."

"अण्णांसारखी वाजली, अगदी हुबेहूब," आत्या म्हणाली, आणि पुढे बराच वेळ कुणाची टिंगल केली नाही.

ताईने ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, हो, इथे नकला करणारे पक्षी आहेत. गाडीचा हॉर्न काढतात, कॅमेऱ्याचा आवाज काढतात, एक तर माणसासारखा खोकतो. ताईला हायसं वाटलं. पक्षी. सरळ गोष्ट होती.

पण गोष्ट सरळ राहीना. नक्कल करायची तर आधी ऐकायला हवं. या देशात पाऊल ठेवल्यापासून बाबांच्या तोंडून नुसती हवा गेली होती. अख्खी शिट्टी इथल्या एकाही पक्ष्याने ऐकलेली असणं शक्य नव्हतं. तर मग दुसरं कुणी असेल, ती स्वतःची समजूत घालू लागली. दोन लांब आणि एक आखूड, यात काय आहे, कुठल्याही घरात असा बाप असू शकतो. पण शेवटी आवाज वर चढून तुटतो ते? ते अण्णांचं होतं. ते बाबांना साधायलासुद्धा कित्येक वर्षं लागली होती, असं बाबाच सांगत.

पुन्हा शिट्टी आली. आता जवळून. गाडी तर चालूच होती, म्हणजे तो आवाज जिथे होता तिथे राहिला असता तर मागे पडायला हवा होता. ताईने गवताच्या शेंड्यांवर नजर ठेवली. वारा नव्हता. शेंडे स्थिर होते, फक्त एका जागी थोडे वाकत होते, आणि ती जागा गाडीबरोबर चालली होती.

सांगावं का? पण काय सांगायचं? गवत शिट्टी वाजवतंय? आत्याने तिला वर्षभर पुरवून पुरवून चिडवलं असतं. ताईने नुसता ढब्बूचा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला.

४

चहाची जागा छान होती. मैदानातलं गवत कापून मोकळं केलेलं, कडेने पांढरे रंगवलेले दगड, एका टोकाला पत्र्याचा संडास आणि मधोमध मोठं झाड. दगडांच्या आत उतरायला परवानगी होती. दगडांच्या पलीकडे पंधरावीस पावलांवर परत तेच उंच गवत सुरू होत होतं.

ड्रायव्हरने गाडीच्या पलीकडच्या बाजूला फळी लावून थर्मास काढला. बाबा घाईघाईने पत्र्याच्या खोलीकडे गेले. केळ्यांचा परिणाम, असं आत्याने जाहीर केलं. आई आणि आत्या कप घेऊन झाडाखाली उभ्या राहिल्या. ढब्बू जागा झाला होता आणि एका पांढऱ्या दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता. ताईने चहा घेतला नाही. ती संडासाच्या दाराकडे बघत राहिली. दार बंद होतं, बाबा आत होते, तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्यांना आत जाताना पाहिलं होतं. हे तिने मनात परत परत म्हटलं.

शिट्टी वाजली.

गवतातून, समोरून, ढब्बूच्या अगदी पुढ्यातून. इतकी स्पष्ट, इतकी आपली, की ताईच्या छातीत पहिल्यांदा भीती आलीच नाही, घरी पोचल्यासारखं वाटलं.

"हे तिकडे कधी गेले?" आई म्हणाली आणि चालायला लागली. आत्याने कप जमिनीवर ठेवला. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता, चुकून उशिरा घरी आलेल्या आणि आता बोलणी न खाता आत घेतल्या गेलेल्या मुलीसारखा. तीही निघाली. कुणी एकमेकींकडे पाहिलं नाही. कुणी 'कशाला' विचारलं नाही. ताईचेही पाय चालत होते.

तेवढ्यात मागे पत्रा खडखडला. "अरे, ही कडी..." बाबांचा वैतागलेला आवाज आला. "कुणीतरी बाहेरून ओढा रे जरा."

ताई जागीच थांबली. बाबा मागे होते.

ढब्बू दगडांच्या पलीकडे गेला होता. तो धावत होता.

"ढब्बू! थांब!"

"बाबा बोलावतायत," तो मागे न बघता म्हणाला. शिट्टी झाली की बाकी कुणाचं ऐकायचं नसतं, हे त्याला घरानेच शिकवलं होतं, तिनेही शिकवलं होतं. ताई धावली. आईला ओलांडताना तिने तिचा दंड धरून मागे ओढला, आईच्या कपातला चहा दोघींच्या अंगावर सांडला, आणि चटका बसल्यावर आई कुणीतरी हलवून उठवल्यासारखी बघायला लागली. मागे आत्याही थबकली. गाडीमागून ड्रायव्हर त्याच्या भाषेत ओरडत येत होता, पण तो लांब होता.

ढब्बू गवतात शिरला. कडेला ते आखूड होतं, आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत.

मागे कडी एकदाची निघाली. बाबा बाहेर आले, पोरगा गवतात गेलेला पाहिला, आणि कुठल्याही शहाण्या बापाने पोराचं नाव घेऊन बोंब मारली असती, तिथे त्यांनी या घराच्या बापाने करावं तेच केलं. ओठ मागे ओढले आणि होता नव्हता तेवढा जीव त्यात घातला.

फुस्स. फुस्स. फिस्.

ढब्बू थांबला.

समोरून गवतातून परत ती आली. आता हळू, लाडाने, हाताच्या अंतरावरून. दोन लांब, एक आखूड, चढून तुटलेली. कुठेही हवा गळत नव्हती. ढब्बूने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. त्याचा खालचा ओठ बाहेर आला. तो दुकानात हरवला तेव्हा रडला नव्हता, कारण तेव्हा शिट्टी एकच होती.

ताई गवताच्या कडेशी पोचली होती. तिला ओरडायचं होतं, पण मोठ्याने बोललं तर काहीतरी घाई करेल असं वाटलं. ती अगदी साध्या आवाजात बोलली, जेवायला बोलावताना बोलावं तशी.

"ढब्बू, बाबांचा दात तुटलाय. विसरलास?"

ढब्बूने विचार केला. आठ वर्षांची पोरं विचार करतात तेव्हा सगळ्या अंगाने करतात, तसा तो उभा राहिला. मागून पुन्हा फुस्स आली.

"मग हे कोण?" तो कुजबुजला.

"माहीत नाही. तू ये."

त्याने एक पाऊल मागे घेतलं, मग अजून एक. ताईने हात लांब करून त्याची कॉलर धरली आणि खेचलं. तो तिच्या पोटावर आदळला. त्याच वेळी तिची नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली. तिला बघायचं नव्हतं, पण डोळे तिथेच होते.

गवताच्या काड्या बाजूला झाल्या होत्या. बाबांच्या तोंडाच्या उंचीवर, जिथे बाबा उभे असते तर त्यांचं तोंड असतं त्याच जागी, ओठ मागे ओढलेले होते. बाकी चेहरा होता की नव्हता हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. दात तेवढे दिसले. पांढरे, एकसारखे, सगळे अख्खे.

५

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. ड्रायव्हरने सगळ्यांना अक्षरशः गाडीत भरलं. थर्मास राहिला, फळी राहिली, आत्याचा कप जमिनीवर तसाच राहिला. त्याने गाडी जी सोडली ती फाटकापर्यंत थांबवली नाही. वाटेत हरणं लागली, डबक्याशी अख्खं हत्तींचं कुटुंब लागलं, पण कुणी थांब म्हटलं नाही. आत्याने एकदा काय होतं ते विचारलं. ड्रायव्हरने मान हलवली आणि पुढे रस्त्याकडे बघत राहिला. त्याला काही माहीत होतं, की तोही नुसता घाबरला होता, हे ताईला कळलं नाही.

आईने आधी ढब्बूच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला इतकं घट्ट धरलं की तो "चहाचा वास येतोय तुला" म्हणून कुरकुरला. ती कुरकुर ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ढब्बू हातीपायी धड होता. गवताने पोटऱ्यांवर चार ओरखडे आले होते, ते त्याने अभिमानाने मोजून घेतले.

"पक्षीच तो," आत्या म्हणाली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, अण्णा रागावलेले नाहीत."

आईने तिचा हात हातात घेतला. "वन्सं, रात्री जेवायला काय आहे विचारू या का?" ती म्हणाली, आणि आत्याने रुमालाने नाक पुसत मान डोलावली.

संध्याकाळी जेवणाच्या मोठ्या खोलीत दिवे होते, माणसं होती, भांड्यांचा खडखडाट होता. दुसऱ्या टेबलावरचे पाहुणे आपण सिंह कसा पाहिला ते सांगत होते. ताईला त्यांचा हेवा वाटला नाही. तिला सपाटून भूक लागली होती. तिने दोनदा वाढून घेतलं, ढब्बूने तिच्या ताटातलं चोरलं, आणि आत्याने बाबांना विचारलं की केळं कुस्करून देऊ का. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही.

खोलीकडे परत जाताना बाबा ताईच्या बरोबरीने चालत होते.

"आत होतो ना मी," ते म्हणाले, "तेव्हा मलाही ऐकू आली. कडी अडकली नसती, तर मीच सगळ्यांत आधी तिकडे गेलो असतो."

"स्वतःच्याच शिट्टीला?"

"माझी नाही वाटली मला. मला वाटलं, मी सहा वर्षांचा आहे आणि जेवायची वेळ झालीये." ते ताईकडे वळले. "तू पाहिलंस काही?"

ताईने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. तुटका दात दिव्याच्या उजेडात दिसत होता. "नाही," ती म्हणाली, आणि बाबांनीही पुढे विचारलं नाही. तिने मात्र लहानपणी धरायची तशी त्यांची बाही धरली आणि खोलीपर्यंत सोडली नाही.

६

घरी आल्यावर आठवड्याभरात दाताच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. आई म्हणाली, आता लोकांत तोंड उघडता येईल एकदाचं. ताई म्हणाली, मीही येते. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, कारण एरवी बाबांबरोबर कोपऱ्यापर्यंत जायचं म्हटलं तरी तिचा अभ्यास निघत असे. ढब्बूही आला, पण तो खालच्या दुकानातल्या माशांच्या टाकीपाशी अडकला. "वाजवा, मग येतो," असं त्याने बाबांना सांगून ठेवलं.

डॉक्टरांची खोली लख्ख होती. पांढऱ्या भिंती, पांढरा दिवा आणि कुठल्यातरी औषधाचा लवंगेसारखा वास. भिंतीवर एका हसऱ्या माणसाचा फोटो होता, नुसत्या तोंडाचा. ताईने त्याच्याकडे पाठ केली. डॉक्टरांनी बाबांच्या तोंडात आरसा घातला, ठोकून पाहिलं, आणि ते खुशीत आले.

"सोपं आहे. वरून बांधून टाकतो. रंग, आकार, अगदी पहिल्यासारखा होईल," ते म्हणाले. "कुणाला कळणारही नाही."

बाबांचं तोंड उघडं होतं, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हतं. पण त्यांनी डोळे फिरवून ताईकडे पाहिलं. ताई खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. इतके दिवस त्या गोष्टीवर घरात कुणी बोललं नव्हतं. पक्षी म्हणून ती मिटली होती, अल्बममध्ये हत्तिणीपर्यंतचेच फोटो लागले होते. ताईलाही दिवसा, शाळेत, पक्षी पटायचा. पण कळणारही नाही, हे शब्द ऐकले आणि ती उठून उभी राहिली.

"नको, बाबा," ती म्हणाली. "राहू दे."

डॉक्टर हसले. "का गं? फुटका दात आवडतो बाबांचा?"

"हो," ताई म्हणाली. तिला जराही लाज वाटली नाही.

बाबांनी डॉक्टरांचा हात हळूच बाजूला केला आणि ते उठून बसले. "टोक बोचतंय तेवढं घासून द्या," ते म्हणाले. "फट तशीच ठेवा."

"अहो, गार पाणी लागेल. फोटोत दिसेल."

"दिसू दे की."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. काही कुटुंबं अशीच असतात, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी दाताचं टोक घासलं, बाबांना चूळ भरायला लावली आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

जिन्यात दुपारचं ऊन आलं होतं. खालून रस्त्याचा गलका ऐकू येत होता, हॉर्न, भाजीवाला, कुणाचा तरी रेडिओ. बाबा कठड्यापाशी उभे राहिले. त्यांनी ताईकडे पाहिलं, परवानगी विचारल्यासारखं, कारण जिन्यात येणारी-जाणारी माणसं होती. ताईने मान डोलावली.

बाबांनी ओठ मागे ओढले. फुस्स, फुस्स, फिस्. वर येणाऱ्या एका बाईंनी दचकून पाहिलं. ताईने त्यांच्याकडे बघून हसून घेतलं आणि कठड्यावरून खाली वाकली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालच्या मजल्यावर पावलं वाजली, पायऱ्या चढायला लागली, एक बूट नेहमीसारखा सैल आणि आपटणारा. वळणावर आधी केस दिसले, मग धापा टाकणारं तोंड, त्यात पुढचे दोन दुधाचे दात पडलेले आणि नवे अजून अर्धेच आलेले.

ढब्बूच होता.